तुमच्या नावाचा एक बॉल

फ्लॅट बुश, ऑकलंड
दसरा होऊन गेल्यावरचा रविवार

सौ. विहीणबाई अनुराधाताई यांस सुलभा पिसाळ हिचा नमस्कार. सा. न. वि. वि. असं पुढं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. त्यातले दोन वि कशाचे ते मला ठाऊक नाही, तुम्ही तीस वर्षं शाळेत शिकवलंत, तुम्हाला ठाऊक असेल. तुमचे गुडघे कसे आहेत? नीलकंठरावांचा खोकला गेला का? नसेल गेला तर ज्येष्ठमधाची काडी चोखायला द्या आणि पंख्याखाली झोपू देऊ नका. माझी तब्येत बरी आहे, इथला वारा सोडला तर मला काही झालेलं नाही. आता तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. त्याचं असं आहे की फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते, आणि मी तोंड उघडलं की रेंज जाते (तुमचीच जाते, माझी कधी जात नाही). पत्रात मध्ये बोलता येत नाही. शेजारचा चिराग औषधांच्या दुकानात असतो, तो बहिणीच्या लग्नाला पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देते. माझी शाळा सहावीपर्यंत झालेली. तेव्हा लाल पेन आधी कपाटात ठेवा आणि मग वाचायला बसा.

तुमची नात सुखदा मजेत आहे. नाक तुमच्यावर गेलंय, पण मोठी झाल्यावर बदलतं म्हणतात. माझी कल्याणी परत हॉस्पिटलात कामाला जायला लागली, आठवड्याला तीनच पाळ्या करते. बाळंतिणीला डिंकाचे लाडू संपेपर्यंत घराबाहेर पाठवायचं नाही असं मी म्हटलं होतं, तर इथल्या नर्सनं तिला चौथ्या दिवशी फिरायला जा म्हणून सांगितलं आणि ती जॅन्डल घालून दुकानापर्यंत गेली. जॅन्डल म्हणजे आपली रबरी सपाता. नावं मोठी ठेवतात इथं.

तर मुद्द्याचं. तुम्ही गेल्या दिवाळीला शंतनूरावांकडून शब्द घेतलात ते मला ठाऊक आहे. जावई असले तरी माणूस घरात वावरताना दिसतो, आणि कल्याणीनंही सांगितलं. कॉलेजनं यंदा कायम केलं नाही तर गोल्फ सोडायचा, सगळं विकून पुण्याला यायचं आणि मामांच्या फरशांच्या दुकानात बसायचं, असा तो शब्द. कॉलेजच्या पॅटरसनबाईंनी (त्या इथल्या मुख्याध्यापिका, कॉलेज म्हणजे इथं आपल्या हायस्कूलासारखंच असतं) त्यांनीही तेच धरलं होतं. शंतनूराव शिकवतात ती कॉलेजच्या पोरांची गोल्फची टीम दर वर्षी शेवटची येते. यंदाही शेवटची आली तर गोल्फ बंद करून त्या पैशात दुसरा कुठला तरी खेळ आणायचा, आणि शेवटची नाही आली तर शंतनूराव कायम. पहिलं या असं कुणी म्हणत नव्हतं. नुसतं शेवटचं येऊ नका. टीम कितवी आली ते मी ओळीनं सांगणार आहे. शेवटच्या पानावर उडी मारू नका.

मला आधी हा धंदाच कळत नव्हता, हे मी कबूल करते. लग्न ठरताना तुम्ही म्हणालात, ‘मुलगा गोल्फचा प्रोफेशनल आहे.’ म्हणताना तुमचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, काहीतरी आजार असावा. मग कळलं की नीलकंठराव गोल्फ क्लबाच्या ऑफिसात हिशेब बघायचे, शाळा सुटली की पोरगा तिथं यायचा, कुणीतरी टाकून दिलेली काठी घेऊन बागेत चेंडू मारायचा, आणि पुढं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून त्यानं तेच धरलं. गावोगाव मॅची खेळला, कुठं काही मिळालं नाही, मग शिकवायची परीक्षा दिली, कोर्स करायला इकडं आला. इथं आल्यावर आधी बॉल मारायच्या प्रॅक्टिसची जागा असते तिथं शिकवायचे, कॉलेजात लागले तरी सुट्टीच्या दिवशी अजून जातात. मी बघून आले. दावणीला गुरं बांधावीत तसे एका ओळीत कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक माणूस, आणि सगळे समोरच्या मोकळ्या मैदानात बॉल फेकतायत. शंतनूराव त्यांच्या मागं हिंडतात आणि कुणाचं कोपर सरळ कर, कुणाचं डोकं खाली ठेव असं सांगतात. एका जाड्या गोऱ्या माणसानं मातीवरच काठी हाणली, बॉल जागचा हलला नाही. हे काय म्हणाले? ‘ठीक आहे. पुढचा बॉल.’ माझ्या गिरणीत पोरानं गव्हाच्या जात्यात मिरची ओतली तर मी पुढचा डबा म्हणते का?

आणि खेळ तरी कसला. बॉल मारायचा, तो जिकडं गेला तिकडं चालत जायचं, परत मारायचा. एवढं चालायचंच होतं तर बॉल खिशात घालून नेला असता. पण त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे मारायच्या आधीचं उभं राहणं. तुमचे चिरंजीव बॉलसमोर उभे राहतात ते उभेच राहतात. बोलत नाहीत, हलत नाहीत, बॉलकडं बघत राहतात. एवढ्या वेळात मी वरणाला फोडणी देऊन येईन. घरातही तसंच. ‘चहा घेणार का’ विचारलं की आधी थांबतात. मी दोनदा चहा ओतून टाकलाय.

आता खंडेनवमी. तुमच्याकडं पुस्तकं मांडत असाल, आमच्याकडं गिरणी. आदल्या संध्याकाळी गिरणी धुवायची, लोखंडाला तेलाचा हात फिरवायचा, हळदकुंकू, फूल, दोरा, आणि दसरा उजाडेपर्यंत बटण दाबायचं नाही. आमच्या सासऱ्यांनी एकदा पाहुण्याच्या पायलीभर ज्वारीसाठी खंडेनवमीला गिरणी चालू केली, पट्ट्यात धोतर गेलं. सासरे वाचले. धोतर भर पेठेत वर वर गेलं आणि पीठ होऊन खाली आलं. तेव्हापासून मी त्या दिवशी घरात विळीसुद्धा हलवत नाही, आदल्या दिवशी चिरून ठेवते. इथं आल्यावर बघितलं की शंतनूरावांच्या काठ्या गॅरेजात केराच्या डब्याला टेकून उभ्या असतात. म्हटलं, अहो, ज्याच्यावर पोट आहे त्याला आयुष्यात कधी कुंकू लावलं नाही, मग टीम शेवटची नाही येणार तर काय. त्या संध्याकाळी तर टीमच्या चारही बॅगा पुसायला म्हणून घरी आणलेल्या होत्या. देवानंच पाठवल्या.

मी सगळ्या काठ्या काढल्या, साबणानं धुतल्या, खोबरेल तेल लावलं. लोखंडाला लावलं तसं मुठीलाही लावलं, मुठीनं काय पाप केलंय. झेंडू मिळाला नाही, इथं दसरा वसंतात येतो, पण दारापुढच्या कोवाईच्या झाडाला पिवळी फुलं लागली होती, ती वाहिली. लाल दोऱ्यानं एकेका बॅगेतल्या काठ्या एकत्र बांधल्या आणि वर टॉवेल गुंडाळून बॅगा मिटल्या. बॅगांपुढं आरती केली, धुराची घंटा वाजली, ती चिरागनं येऊन बंद केली. दुसऱ्या दिवशी मॅच आहे हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. शंतनूरावांनी आठवडाभर सांगितलं होतं. पण ते इतकं हळू सांगतात की सांगितल्यासारखं वाटत नाही.

सकाळी मी सुखदाला न्हाऊ घालत होते तेव्हा ते बॅगा गाडीत टाकून गेले. तासाभरानं फोन.

‘आई, तुम्ही बॅगांना काही केलंय का?’

‘पूजा केली. आज उघडू नका.’

‘गाठ कुठली मारलीय?’

‘पोत्याची.’

थांबले. मी म्हटलं गेली रेंज. मग म्हणाले, ‘ती सुटते ना?’

‘सुटायला मारलेली नाही.’

‘ठीक आहे,’ म्हणाले. पुढचा बॉल म्हणाले नाहीत, तेव्हा मला कळलं की प्रकरण मोठं आहे. कल्याणीला त्या दिवशी सुट्टी होती. पोरीला दुपट्यात गुंडाळली, थालीपिठांचा डबा घेतला आणि आम्ही मोटरवेनं तिकडं गेलो. गाठी सोडायला नव्हे. त्या सोडू नयेत हे सांगायला.

मैदान म्हणजे नुसतं हिरवंगार, एका अंगाला गाईंचं कुरण, आणि पुकेको नावाचे निळे पक्षी लाल चोची घेऊन साहेबासारखे हिंडत होते. सगळ्या शाळांची पोरं रांगेत उभी. आमचा कप्तान सिओनी, तोंगा बेटावरच्या घरातला, अंगानं दाराएवढा, खोलीत आला की दिवा लावावा लागतो. मला आंटी म्हणतो आणि थालीपिठं पानावर मोजून घेत नाही. त्यानं दातांनी ओढून ओढून एक मोठी काठी मोकळी केली होती आणि जोर लावून फिरवली होती. बॉल जागेवर राहिला. काठी तेलावरनं सटकली आणि पाईनच्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन अडकली. मी पोचले तेव्हा सगळे वर बघत होते. मी म्हटलं, बघा, हत्यारच नको म्हणतंय.

पॅटरसनबाई आल्या. उंच, छत्री घेतलेल्या, हसरा चेहरा ठेवून रागावणाऱ्या. काय झालं विचारलं. आमच्या टीममध्ये आरव म्हणून पुण्याच्या डॉक्टरीणबाईंचा मुलगा आहे, त्याला मराठी सगळी कळते पण उत्तर इंग्रजीत देतो. मी त्याला सांगितलं की आज अवजारांची पूजा झालीय, उद्यापर्यंत हात लावायचा नाही, नाहीतर धोतर जातं. त्यानं धोतराचं गाळलं आणि बाकीचं सांगितलं. बाईंच्या कपाळावर आठी आली. तेवढ्यात सिओनी म्हणाला, ‘तापू आहे, मिस.’

विहीणबाई, तापू म्हणजे इथल्या लोकांत पवित्र, हात लावायचा नाही असं. आपण एवढ्या पुस्तकांतनं सांगतो ते त्या पोरानं एका शब्दात सांगितलं. पॅटरसनबाईंनी छत्री मिटली. (पाऊस चालू होता.) मॅच चालवणारा म्हातारा होता, त्यानं टोपी काढली. त्याचं बघून दुसऱ्या शाळांच्या मास्तरांनी काढल्या. मी चार बॅगांपुरतं बोलले होते, आणि शंभर माणसं डोकी उघडी टाकून पावसात उभी. शंतनूराव माझ्याकडं बघत होते. मी पोरीचं दुपटं नीट करत बसले.

मग क्लबाच्या पडवीत मीटिंग भरली. इथं काहीही झालं की आधी चहा आणि लोणी लावलेले पाव खातात आणि मग मीटिंग भरवतात. मला वाटलं आमच्या टीमला घरी पाठवतील आणि संपलं. ते नाही. एका शाळेचा मास्तर उठला आणि म्हणाला, एका टीमच्या काठ्यांना आशीर्वाद मिळालाय आणि आमच्या काठ्यांना नाही, हे न्यायाला धरून नाही. दुसरा म्हणाला, बरोबर आहे. नियमांचं पुस्तक आणलं. त्यात नारळाचं काही नव्हतं, कुंकवाचंही नव्हतं. तेव्हा एकमतानं ठरलं की मॅच उद्या, आणि आज सगळ्यांच्याच बॅगांची पूजा, नाहीतर कुणाचीच नाही. मला कुणी विचारलं नाही. एक बाई येऊन माझे दोन्ही हात धरून म्हणाली, कीया ओरा (हा इथला नमस्कार), वी आर सो प्रिव्हिलेज्ड. मी म्हटलं थालीपीठ घ्या.

गाड्या लावायच्या जागेत बॅगांची रांग लागली, एसटी स्टँडावर लग्नाचं वऱ्हाड उतरल्यासारखी. मी एका टोकानं सुरू केलं. तिसऱ्या शाळेला कुंकू संपलं. पापाटोएटोला आपलं देशी दुकान आहे तिथनं आणते म्हटलं तर मोटरवे तुंबलेला. तेव्हा गवत कापणारा ग्रॅहम म्हणून माणूस आहे, तो लाल रंगाचा फवारा घेऊन आला. तळ्याच्या कडेनं रेघा मारायचा असतो तो. मी टिळा म्हटलं होतं, त्यानं पट्टे मारले. महागामोलाच्या काठ्या वाघासारख्या दिसायला लागल्या. तो रंग काही केल्या निघत नाही असं मागाहून कळलं. एका मास्तराच्या काठ्या त्याच्या वडिलांच्या होत्या, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते भक्तीनं का रंगानं ते मी विचारलं नाही. पॅटरसनबाईंनी तर कपाळच पुढं केलं. ग्रॅहमचा हात मी वेळेवर धरला. शेवटी नारळ. पहिला बॉल जिथनं मारतात तिथं नंबर लिहिलेला दगड आहे, त्याच्यावर हाणला. दगड फुटला, नारळ नाही.

घरी येताना गाडीत मी एवढंच म्हटलं, आता तरी देवाचं पाठबळ आहे. शंतनूराव म्हणाले, ‘हो आई.’ हे ते इतक्या सावकाश म्हणाले की आम्ही तोवर घरापाशी आलो.

दुसरा दिवस दसरा. ऊन पडलं. चिरागनं येऊन गाठी कापल्या, मुठी पुसल्या, झाडावरची काठी ग्रॅहमनं शिडी लावून काढली. मी या खेपेला पोरांना शकुनाची दहीसाखर द्यायला गेले होते, दुसरं काही मनात नव्हतं. शंतनूराव दुसऱ्या टोकाला होते, तिथं मास्तरांना काहीतरी सही करायची असते. सिओनी पहिला मारणार. मी आरवला विचारलं, या मैदानाची शीव कुठं आहे? त्यानं कुरणाच्या कडेचे पांढरे खुंट दाखवले. म्हणाला, पलीकडं बॉल जाऊ द्यायचा नाही.

विहीणबाई, तुम्ही सांगा. दसऱ्याच्या दिवशी शिवेपलीकडं जायचं नाही? आपल्याकडं त्या दिवशी शीव ओलांडल्याशिवाय कोण घरात येतं? नीलकंठराव खोकला घेऊनसुद्धा कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन येत असतील. मी आरवकरवी सिओनीला सांगितलं, बाबा, पहिला बॉल तिकडं मार, शीव ओलांडू दे, आणि मग तुझा काय खेळ असेल तो खेळ. वर्षभर बरकत राहते. एका बॉलानं काय होतंय, त्या प्रॅक्टिसच्या जागी टोपल्यांनी पडलेले असतात. मला काय माहीत की इथं गेलेला बॉलही मोजतात आणि वर त्याचा दंडही लावतात? माझ्या गिरणीत सांडलेलं पीठ मी गिऱ्हाइकाकडनं दोनदा घेत नाही.

सिओनीनं मान डोलवली. त्याच्याही घरी आजी आहे, आजीला उलट विचारायचं नसतं हे त्याला ठाऊक आहे. त्यानं बॉल मारला तो खुंटांवरनं थेट गाईंत. मग आरवनं. मग रुबी म्हणून मुलगी आहे तिनं, मग चौथ्यानं. चौघांचे चार बॉल शीव ओलांडून गेले. मी टाळ्या वाजवल्या. बाकीच्या शाळांना वाटलं हा कालच्याच पूजेचा भाग आहे, त्यांनी परत टोप्या काढल्या. इथवर ठीक होतं. पण सिओनी मोठ्या मनाचा. त्यानं विचारलं, आंटी, कोचची आई कुठं असते? मी म्हटलं पुण्यात. तिनं ओलांडली का आज? मी म्हटलं तिचे गुडघे दुखतात. तर त्यानं खिशातनं आणखी एक बॉल काढला आणि तुमच्या नावानं मारला. पाचांत सगळ्यात लांब तो गेला, गाईंच्याही पलीकडं, रस्त्यापर्यंत.

शंतनूराव आले तेव्हा मोजणारी मुलगी पेन तोंडात धरून उभी होती. त्यांना आरवनं सांगितलं. ते खुंटांकडं बघत उभे राहिले. मी बघत होते, मला वाटलं आता हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा ओरडणार, आणि ओरडला असता तर मी ऐकूनही घेतलं असतं. ते म्हणाले, ‘ठीक आहे. पुढचा बॉल.’ आणि पोरांना घेऊन चालायला लागले.

अर्ध्या खेळानंतर चहा असतो. तिथं कुठल्या तरी मास्तरानं सिओनीला सांगितलं की तुमचा कोच आता जाणार, कारण तुम्ही शेवटचे आहात. पोरगा दिसेना. मी सुखदाला घेऊन हिंडत होते तर गवताच्या यंत्रांच्या शेडमागं तो बसलेला, एवढा मोठा देह, आणि गुडघ्यांत तोंड घालून रडत होता. मी काही बोलणार तेवढ्यात शंतनूराव आले. (मी यंत्राच्या मागं झाले. चोरून ऐकत नव्हते, पोर झोपली होती.) ते ओल्या गवतात त्याच्या शेजारी बसले. काही बोलले नाहीत. तुम्ही आणि मी असतो तर बोललो असतो. मी तर एव्हाना दोघांनाही उठवून तोंड धुवायला लावलं असतं. ते नुसते बसले, खिशातनं माझंच थालीपीठ काढलं, अर्धं त्याला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. मग कितीतरी वेळानं म्हणाले, ‘माझ्या आईचा बॉल कुठवर गेला?’ पोरगा म्हणाला, ‘रोडपर्यंत, सर.’ हे म्हणाले, ‘एवढा लांब मी जन्मात मारला नाही. कोपर काय सरळ ठेवलं असशील.’ पोरगा हसला. नाक पुसलं. उठला. आणि विहीणबाई, त्यानंतर तो जे खेळला ते मला खेळातलं काही कळत नसताना कळलं. बाकीची तीनही त्याच्या मागनं.

मला सहावीपर्यंत मास्तर होते, सगळे डस्टर फेकून मारायचे. एकही माझ्या शेजारी येऊन बसला नाही. बसला असता तर सातवीत गेले असते की काय, असं मनात आलं. मग पोर उठली आणि ते राहिलं.

शेवटी काय झालं ते आता वाचा. वरच्या एका टीमला गाठता गाठता आम्ही शेवटचे आलो. एका बॉलानं. आरवनं कागदावर मांडून दाखवलं. आमचे चौघांचे चार धरूनसुद्धा आम्ही शेवटून दुसरे आलो असतो. जो बॉल नडला तो पाचवा, तुमच्या नावाचा.

बाकी सर्व क्षेम. सुखदाला पालथं पडता यायला लागलंय. आमचे हे कराडला गिरणी बघतायत, तिखटाच्या जात्यात बेसन दळलं म्हणून गिऱ्हाइकं ओरडतायत. नीलकंठरावांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची
सुलभा

ता. क. तुम्ही घेतलेल्या शब्दाबद्दल. तो शब्द सोडून द्या. टीम शंतनूरावांनी हरवलेली नाही. चार बॉल मी घालवले आणि एक तुम्ही. आपण दोघींनी घालवलेल्या मॅचसाठी त्यांनी फरशा विकाव्यात हे मला पटत नाही. शिवाय त्यांनी निराळं काही केलेलंच नाही, तुमचाच धंदा धरलाय. फळा तेवढा हिरवा आहे.

ता. क. २. वरचं लिहून झाल्यावर पॅटरसनबाई घरी येऊन गेल्या. बाकीच्या शाळांनी त्यांना विचारलंय की पुढच्या वर्षी पूजा कधी आहे, तेव्हा त्यांना गोल्फ बंद करता येत नाही. कायम केलेलं नाही, एक वर्ष वाढवलंय. पण पूजा घरातल्याच मोठ्या बाईनं करायची, असं सिओनीनं त्यांच्या डोक्यात घातलंय. माझा व्हिसा संपतो आणि गिरणी बुडायला आलीय. म्हणजे तुम्हाला यावं लागेल. कुंकू भरपूर आणा, सुकं, पिशवीत घट्ट बांधून. ग्रॅहमला फवारा परत काढू द्यायचा नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगू नका, तो बॉल रस्त्यापर्यंत गेला होता.

ता. क. ३. कायम न होताही इथंच राहिलो म्हणजे शब्द मोडला, असं समजून शंतनूराव तुम्हाला फोन करत नाहीत, तुम्हीच करा. मी लिहिलंय म्हणू नका. मॅच कशी झाली एवढंच विचारा. इतक्या वर्षांत तुम्ही ते एकदाही विचारलं नाही, असं कल्याणी म्हणते. विचारलंत की ते गप्प होतील. तुम्हाला वाटेल रेंज गेली, तुम्ही ‘बोल की’ म्हणून फोन ठेवाल. ठेवू नका. बॉलसमोर उभे आहेत असं समजा आणि गप्प बसा. वेळ लागतो. पण मारतात.